आजार : काही नाही

मंगळवारी दुपारी शेजारच्या काकूंना स्कूटरवर मागं बसवून राजारामपुरीत घेऊन गेले. काकूंची लेक जर्मनीत, म्युनिकला असते. मार्चमध्ये तिचं बाळंतपण आहे आणि काकू 90 दिवसांसाठी तिकडं निघाल्यात. महिनाभर आमच्या गल्लीला दुसरा विषय नाही. अळीव किती घ्यायचे, डिंक तळून न्यायचा की तसाच, मेतकूट कुठल्या बॅगेत बसेल, यावर रोज संध्याकाळी पायरीवर खल चालतो. परवा कुणीतरी कागलकडच्या गुऱ्हाळावरचा ताजा गूळ आणून दिला, तर दोन दिवस जिन्यापर्यंत त्याचाच वास. एवढ्या सगळ्या तयारीत विम्याचं काम तेवढं शेवटी राहिलं होतं. व्हिसाच्या कागदांत लागतो म्हणून काढायचा, एवढंच त्याचं महत्त्व.

एजंटच्या ऑफिसातला मुलगा चटपटीत होता, बोलायलाही गोड. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर, वारसाचं नाव. नजर पडद्यावरच ठेवून त्यानं विचारलं, "आज्जी, बीपी, शुगर, हार्टचं वगैरे काही?" काकूंनी पदर सारखा केला. "काय न्हाई बघ बाळा. ठणठणीत हाय मी. रोज रंकाळ्यावर फिराय जातो." आमच्याकडच्या जुन्या बायका अजून असंच 'जातो', 'येतो' म्हणतात, आणि काकूंच्या तोंडी ते मला फार आवडतं. मुलानं एक बटण दाबलं. प्रिंटर घरघरला. गरम कागद काकूंच्या हातात आला तेव्हा त्यांनी तो देवाचा अंगारा घ्यावा तसा दोन्ही हातांनी घेतला.

आमची दोघींची स्वयंपाकघरं समोरासमोर आहेत. रोज सकाळी सहाला, पहिला चहा घ्यायच्या आधी, काकू एक छोटी पांढरी गोळी जिभेवर ठेवतात आणि तांब्यातनं पाणी पितात. मी हे किती वर्षं बघते आहे.

मी तिथं काहीच बोलले नाही.

घरी येताना स्कूटरवर त्या बाळाच्या टोपड्याबद्दल बोलत होत्या आणि मी हूं हूं करत होते. रात्री झोप लागेना. तो प्रिंटरचा आवाज कानात होता, आणि त्याच्या मागं दुसरा एक आवाज: जेवणाच्या टेबलावर, मेणकापडावर ठेवलेल्या कागदावर फिरणाऱ्या पेनाचा. तो कागद आबांचा होता. पेन माझ्या हातात होतं.

2016 सालची गोष्ट. धाकटी न्यू जर्सीत, तिचं पहिलं बाळंतपण, आणि आई-आबा सप्टेंबरात निघायचे. अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसाला विमा सक्तीचा नाही, त्यामुळं तो घ्यायचा की नाही यावरच घरात चर्चा झाली होती. शेवटी घ्यायचा ठरला. फॉर्म मी भरत होते. आबा शेजारी पेपर वाचत होते. "आबा, बीपीचं लिहू ना?" त्यांनी पेपर खाली न घेताच सांगितलं, "अगं, तो काय आजार आहे होय? गोळी घेतो, संपलं. लिहिलंस तर हप्ता तरी वाढवतील, नाहीतर नकोच म्हणतील." मी एक क्षण थांबले. मग निळ्या शाईनं, नेटक्या अक्षरात त्या रकान्यात 'निल' असं लिहिलं. आबांनी खाली सही केली. लांब, उजवीकडं चढत जाणारी, तीस वर्षं प्रगतिपुस्तकांवर केलेली मास्तरांची सही.

आमच्या घरात आजार म्हणजे माणूस आडवा होणं. चालता-फिरता माणूस आजारी नसतो. बीपी आणि साखर ही वयाबरोबर आलेली पाहुणे मंडळी, त्यांना रोजची एक गोळी दिली की झालं. दुखणं अंगावर काढणं हे तर आपल्याकडं कौतुकानं सांगतात. माझी आज्जी ताप अंगावर काढून भात लावायला गेली होती, ही गोष्ट आम्ही पराक्रमासारखी ऐकत मोठ्या झालो. त्यात आणि निघायची वेळ. घरातनं बाहेर पडताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. हातावर दही ठेवायचं. अशा वेळी आजाराचं नाव कोण काढणार? आणि विम्याच्या कागदावर तर आपण जे तोंडातनं काढायचं नाही तेच सगळं छापलेलं असतं. रुग्णालयात दाखल झाल्यास. अवयव गमावल्यास. मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च. ती ओळ आली तेव्हा आईनं माझ्या हातातला कागद घेतला, घडी घातली आणि देवघरातल्या फळीवर ठेवून दिला. त्यानंतर तो कुणी वाचला नाही.

नोव्हेंबरमध्ये नोटाबंदीचे दिवस. मी बिंदू चौकाजवळच्या बँकेपुढं रांगेत उभी होते. पुढं-मागं माणसंच माणसं, कुणीतरी शेंगा खात होतं, टरफलांचा सडा पडला होता. सकाळचे साडेदहा, म्हणजे धाकटीकडं मध्यरात्र. तिचा फोन आला तेव्हाच पोटात गोळा आला. आबांच्या छातीत दुखायला लागलं, घाम फुटला, ॲम्ब्युलन्स आली, आता आत नेलंय. मागं कसल्यातरी यंत्राची टिकटिक आणि तान्ह्या बाळाचं रडणं. मी रांग सोडली नाही, हे मला अजून आठवतं आणि अजून कळत नाही. फोन कानाला लावून रांगेबरोबर एक-एक पाऊल पुढं सरकत राहिले.

त्यांना वाचवलं. हे आधी सांगायला पाहिजे. तातडीच्या रुग्णाला पैशासाठी दारातनं परत पाठवायचं नाही, असा कायदा तिकडं 1986 पासून आहे. कुणी डिपॉझिट मागितलं नाही. रात्रीतच अँजिओग्राफी करून स्टेंट बसवला. आईला तिथल्या नर्सनं विचारलं, बीपी किती वर्षं आहे? धाकटीनं मराठीत विचारलं आणि आईनं खरं ते सांगितलं: "बारा वर्षं झाली की. साखर पण आहे चार-पाच वर्षं." डॉक्टरांपुढं खोटं बोलायचं नाही हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. धाकटीनं त्याचं इंग्रजी केलं, नर्सनं ते टिपून घेतलं. नवऱ्याचा जीव वाचावा म्हणून आईनं सांगितलेलं ते वाक्य केसपेपरवर गेलं, आणि काही आठवड्यांनी विमा कंपनीनं त्या वाक्याशेजारी माझ्या हातचं 'निल' ठेवलं.

महत्त्वाची माहिती लपवल्यामुळं दावा मंजूर करता येत नाही. पत्र असं होतं. मी ते इतक्यांदा वाचलं की कागदाला घडीवर भोक पडलं. 'लपवली' हा शब्द मला सहन होईना. आम्ही काही लपवलं नव्हतं, आम्हाला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं, असं मी ओळखीच्या वकिलांना पोटतिडकीनं सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, विम्याचा सगळा करार उभा असतो तो पूर्ण खरं सांगण्यावर. कंपनी तुमच्या घरी येऊन नाडी तपासत नाही, तुम्ही लिहाल ते खरं धरते. सही कुणाची? आबांची. पुण्याला विमा लोकपालांकडं तक्रार करता येते, करा हवं तर, पण तिथंही हाच कागद पुढं येणार. आम्ही गेलो नाही. त्या कंपनीचा मला राग आला होता, अजूनही थोडा आहे. पण त्या रात्री एवढं मात्र कळून चुकलं होतं, की आबांनी सांगितलं तेव्हा मी थांबले होते. एक क्षण का होईना, थांबले होते. म्हणजे मला माहीत होतं.

बिलं एकदम आली नाहीत. आपल्याकडं डिस्चार्जच्या वेळी काउंटरवर एक आकडा सांगतात, भांडून-तंडून भरला की सुटका. तिकडं आबा घरी आल्यावर महिनोन्‌महिने पाकिटं येत राहिली. रुग्णालयाचं वेगळं, तातडीच्या विभागातल्या डॉक्टरचं वेगळं, हृदयविकारतज्ज्ञाचं वेगळं, ॲम्ब्युलन्सचं वेगळं. आमच्याकडं 108 ला फोन लावला की गाडी येते आणि तिचे पैसे कुणी मागत नाही, हे आबांना तिथं फार आठवत होतं म्हणे. सगळं मिळून आकडा 80 हजार डॉलर्सच्या पुढं गेला. त्या वेळच्या भावानं 54 लाखांच्या घरात. आमची पॉलिसी 50 हजारांची होती. म्हणजे दावा मंजूर झाला असता तरी पुरलं नसतं, आणि साठीपुढच्या माणसांना आजारागणिक आणखी कमी मर्यादा आहे हे आतल्या पानावर बारीक अक्षरात होतं. ते पान आम्ही नंतर वाचलं. धाकटीनं रुग्णालयाच्या आर्थिक मदतीच्या विभागात अर्ज केले, बिलाचा एकेक तपशील मागवला, काही रक्कम कमी करून घेतली, उरलेल्याचे हप्ते बांधून घेतले. अंगावर ओलं बाळंतपण घेऊन ती हे करत होती. मी इकडून फक्त "काळजी करू नकोस" म्हणत होते. त्या वाक्याचा तिला काय उपयोग झाला असेल?

आबा जानेवारीत परत आले. तब्येतीनं बरे होते. पण घरात पाय ठेवल्यावर आठवडाभरात त्यांनी पाचगावचा प्लॉट काढायचं ठरवलं. आम्हा दोघी बहिणींसाठी म्हणून शिक्षकाच्या पगारातनं घेतलेला प्लॉट. "पोरीचं बाळंतपण करायला गेलो आणि तिच्या डोक्यावर कर्ज करून आलो," एवढं एकदाच बोलले. पुढं हा विषय त्यांनी काढला नाही आणि आम्हाला काढू दिला नाही. रविवारी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जायची त्यांची जुनी सवय होती. समोर म्हैस पिळून दिलेलं कोमट, फेसाचं दूध उभ्या उभ्या प्यायचं आणि मिशीवरचा फेस उपरण्यानं पुसायचा. परत आल्यावर ते जात राहिले, पण पीत नसत. नुसते उभे राहून ओळखीच्यांशी बोलून येत.

मला त्या काळात सारखं वाटायचं, हे सगळं इथं झालं असतं तर? कोल्हापुरात माणूस दवाखान्यात पडला की गल्ली दवाखान्यात जाते. कुणी डबा आणतं, कुणी रात्री थांबतं, तालमीतली पोरं रक्त द्यायला रांगेत उभी राहतात. भिशीचा नंबर कुणाचाही असो, त्या महिन्यात ज्याला गरज त्याला उचलून देतात. 2019 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा कोण कुणाचा हे न विचारता लोकांनी घरं उघडली. आपण या विम्यावर जगलो. त्याला फॉर्म नाही, रकाने नाहीत. म्हणूनच कदाचित कागदी विमा आपल्याला परका वाटतो, माणसाच्या भरवशापेक्षा हलका वाटतो. पण गल्लीचा हात समुद्रापलीकडं पोचत नाही. तिथं धाकटी होती आणि चार आठवड्यांचं बाळ.

आबा इतिहास शिकवायचे. आठवीच्या पोरांना दरवर्षी एक गोष्ट सांगायचेच, पुस्तकात असो नसो. करवीरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 साली इंग्लंडला गेले. उमदा राजा, शिकायची हौस असलेला. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला तिथंच गेले. वय अवघं 20. परक्या गावात, जिथं दहनाची रीत नाही तिथं, आर्नो नदीच्या काठी, दुसरी एक छोटी नदी तिला मिळते त्या जागी त्यांना अग्नी दिला. आजही तिथं त्यांचं स्मारक आहे, आणि जवळच्या पुलाला लोक 'हिंदी माणसाचा पूल' अशा अर्थाच्या नावानं ओळखतात. संगमावर, बघा, असं आबा म्हणायचे, कुणीतरी संगम शोधला असेल, पंचगंगेची आठवण ठेवून. हा भाग त्यांच्या मनचा असावा. अमेरिकेला निघताना ते म्हणाले होते, पुढच्या खेपेला फ्लॉरेन्स. पुढची खेप झाली नाही. त्या नोव्हेंबरात, आबा आत असताना, आईनं धाकटीला विचारलं होतं, "इथं काही झालं तर मग..." आणि वाक्य अर्धं सोडलं होतं. देवघराच्या फळीवर ठेवलेल्या कागदातली ती ओळ तिला पाठ होती, हे मला फार उशिरा कळलं.

2022 मध्ये आबा गेले. घरी, झोपेत. नंतर त्यांचं लोखंडी कपाट आवरताना पेन्शनच्या फायलीत त्या फॉर्मची झेरॉक्स सापडली. माझ्या 'निल'वर त्यांनी लाल पेनानं बारीक काट मारली होती, वहीतली चूक दाखवताना मारायचे तशी. शेजारी लिहिलं होतं, 'होय. 2004 पासून.'

बुधवारी सकाळी मी काकूंकडं गेले. काय बोलायचं हे रात्रभर घोळवलं होतं, तरी दारात शब्द सुचेनात. दुसऱ्याच्या आजाराची गोष्ट आपण काढायची म्हणजे अवघडच. काकू लाडू वळत होत्या. मी खाली बसले, हाताला तूप लावून दोन लाडू वळले आणि म्हटलं, "काकू, काल तुम्ही गोळीचं सांगितलं नाही." त्या हसल्या. "अगं, ते सांगून काय करायचंय? आन् पुण्याच्या पोराच्या कंपनीचा मेडिक्लेम हाय की माझ्या नावावर." मी सांगितलं, तो मेडिक्लेम इथला, त्याची हद्द भारतापुरती. तिकडं तो दाखवला तर कुणी हातात धरणार नाही. "मग ह्यो युरोपचा कागद हाय की." आहे, 30,000 युरोचा आहे, व्हिसाला तेवढा लागतोच. आपले जवळपास 30 लाख. पण जुन्या दुखण्यातनं काही उद्भवलं, आणि ते दुखणं कागदावर नसलं, तर तो आकडा नुसता छापलेला राहील. मग मी आबांचं सगळं सांगितलं. प्लॉटचं गल्लीला माहीत होतं, कशापायी विकला ते नव्हतं. काकूंचे हात थांबले. लाडू अर्धाच वळलेला.

मी त्यांना हेही सांगितलं की खरं लिहिलं म्हणजे सगळं मिळेल असं नाही. हप्ता वाढेल. कदाचित जुन्या दुखण्यासाठी जीव वाचवण्यापुरता, तोही ठराविक रकमेपर्यंतचाच खर्च देऊ म्हणतील. पण ते विमानात बसायच्या आधी कळेल. लेकीला तिकडं वेगळी काही सोय बघता येईल, दुसऱ्या कंपनीचा कागद मागवून शेजारी ठेवता येईल. इथल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्यायची, गोळीच्या कंपनीचं नाव नको, आतल्या औषधाचं नाव, कारण आपल्या मेडिकलमधली नावं तिकडं कुणाला कळत नाहीत. कंपनीचा चोवीस तासांचा नंबर जावयाच्या फोनमध्ये आणि एक कागदावर, पर्समध्ये, कारण दवाखान्यात गेल्या गेल्या त्यांना कळवावं लागतं. परतीची तारीख पुढं गेली तर मुदत संपायच्या आत वाढवायची. मी एवढं भराभर बोलत होते की मलाच दम लागला. आबांना जे सांगायचं राहिलं ते सगळं बोलत होते बहुतेक.

एजंटला फोन लावला. प्रवास सुरू व्हायच्या आधी बदल होईल, थोडे पैसे कापले जातील, म्हणाला. मग काकूंनी श्रीखंडाचा रिकामा डबा आणला. त्यात गोळ्या. पट्ट्या कात्रीनं कापून दोन-दोन गोळ्यांचे तुकडे केलेले, नावं कधीच तुटून गेलेली, एका तुकड्यावर नुसतं '40' उरलेलं. लाइट बिलांच्या पिशवीत डॉक्टरांची चिठ्ठी सापडली. टेल्मिसार्टन. काकूंनी चष्मा लावला, कॅलेंडरचं पान फाडून उलटं केलं आणि माझ्याकडून एकेक अक्षर विचारून लिहिलं. खाली वर्ष. बोटांवर मोजून, नातवाच्या मुंजीशी ताडून पाहून त्यांनी 2013 लिहिलं.

मग पेन तसंच धरून बसल्या. बाहेर दुधवाल्याची सायकल गेली. गॅसवर चहा उकळत होता.

"गेल्या दिवाळीत," त्या म्हणाल्या, "चकल्या तळताना डाव्या हातात कळ आल्ती. घाम फुटला हुता. तासाभरानं बरं वाटलं, म्हणून कुणाला बोललो न्हाई." कागदाकडंच बघत होत्या. "ते बी लिवायचं व्हय गं?"

मी उठून गॅस बंद केला आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.